पंच कोणाचा?

आमच्या अण्णांच्या मते जगात सरळ पंच जन्मालाच आला नव्हता. आला असेलच, तर त्याला कुणी मॅच दिली नसणार, असं ते म्हणत. अण्णा म्हणजे माझे आजोबा. डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क म्हणून चिकटले तेव्हा रेल्वेचं नाव बीबी अँड सीआय होतं. 1951च्या नोव्हेंबरात ती वेस्टर्न रेल्वे झाली; ‘डब्यावरची अक्षरं बदलली, पगार तेवढाच राहिला,’ असं त्यावर त्यांचं ठरलेलं भाष्य होतं.

नोकरीचा त्यांच्या लेखी एकच खरा फायदा, तो म्हणजे पास. रोव्हर्स कपचे दिवस आले की अण्णा दोन दिवसांची रजा टाकत, मुंबई सेंट्रलला उतरून लोकलने चर्चगेट गाठत आणि तिथून चालत कूपरेज. 1891मध्ये गोऱ्यांनी आपल्या पलटणींसाठी सुरू केलेली ही स्पर्धा. 1937मध्ये बंगलोर मुस्लिम्सच्या पोरांनी ती जिंकली, तेव्हा हिंदी संघाच्या हाती तो कप पहिल्यांदा आला. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो दुसऱ्या कुणाला दिलाच नाही. त्यांचे प्रशिक्षक रहीमसाहेब हे अण्णांचं दैवत. देव्हाऱ्यात फोटो लावायचा तेवढा बाकी होता.

अण्णांचा एक गोल होता. त्यांनी मारलेला नव्हे. त्यांच्या डोळ्यांदेखत नाकारला गेलेला. चेंडू जाळ्यात, सगळं कूपरेज उभं, आणि पंचाने ऑफसाइडची शिट्टी मारली. ही हकिगत आम्ही इतक्यांदा ऐकली की तिच्यातल्या दुरुस्त्याही आम्हाला पाठ झाल्या. आधी तो पंच मिशाळ गोरा सार्जंट होता. पुढे तो पारशी झाला. निवृत्तीनंतरच्या आवृत्तीत तर अण्णांची बढती अडवणाऱ्या साहेबाचा चुलतभाऊ निघाला. साल बदलायचं, संघ बदलायचे, ऑफसाइड मात्र कधीच नसायचा.

या गोष्टीला घरात कुणी हरकत घेत नसे. हरकत घेणारा एकच माणूस होता, आणि तो घरातला नव्हता.

आम्ही त्यांना नुसतं बाबा म्हणायचो. तलासरीच्या आतल्या पाड्यावरचे वारली. अण्णांची आणि त्यांची ओळख गवतावरून झाली. त्या काळी डहाणू-उंबरगाव पट्ट्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. दसऱ्याच्या सुमारास कापणी, मग दाबून गाठी, मग वॅगनी. गाठी चढवायला येणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा होता, आणि पावत्या फाडणारे अण्णा होते. याला मैत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अण्णा त्यांना अरे-तुरे करत, ते अण्णांना ‘मास्तर’ म्हणत. ते आले की ओसरीवर खाली बसत, आणि त्यांचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असे. कानतुटका, निळ्या काठाचा. माझ्या आईने तो एके दिवशी गुपचूप फेकून दिला आणि त्यांना घरातल्या कपात चहा दिला. अण्णांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. बाबांनीही पाहिलं होतं. (ते वारलीत बोलत, इथे मी ते माझ्या मराठीत लिहितो आहे, तेव्हा बोलण्याची चव निम्मी गेली असं समजावं.)

1945च्या गवताची गोष्ट दोघंही सांगत, आणि दोघांची वेगळी असे. अण्णांच्या गोष्टीत वॅगनी होत्या: रिकाम्या, साइडिंगला ओळीने उभ्या, आणि मुंबईहून तारांवर तारा. बाबांच्या गोष्टीत काटा होता.

‘गवत आम्ही कापायचं. किती झालं ते शेठचा माणूस सांगणार. काटा त्याचा, वजनं त्याची, वहीही त्याची. आम्हाला मोजता येत नव्हतं असं नाही. पण आमचं मोजलेलं कोण धरणार?’

त्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जन्मभर राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत, तेही बंद. मग गवताचा हंगाम आला. मागणी अशी: पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. तोवर काय मिळायचं हे विचारलं तर बाबा नुसते हसत.

10 ऑक्टोबर 1945. त्या दिवशी तलासरीजवळ तलवाड्याला माणसं जमली, कारण निरोप फिरला होता की गोदूताई येणार आहेत, लाठ्याकाठ्या घेऊन या. गोदूताई म्हणजे गोदावरी परुळेकर. त्यांनी असा निरोप धाडलाच नव्हता. तो जमीनदारांच्या माणसांनी फिरवला होता, आणि तिकडे पोलिसांना कळवलं होतं की वारली जमीनदारांना मारायला जमलेत. पोलीस आले तेव्हा समोर खरोखरच काठ्या घेतलेला जमाव होता. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय, पण मी ते वाचण्याआधी बाबांकडून ऐकलं होतं. दर वर्षी 10 ऑक्टोबरला तलासरीत लाल बावट्याचा मेळावा भरतो. एका वर्षी तिथून परतताना टेम्पोत बसल्याबसल्या त्यांनी ते सांगितलं. गोळी चालवणाऱ्या शिपायावर त्यांचा फारसा राग नव्हता, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

‘त्याला जे दाखवलं ते त्यानं पाहिलं. दाखवलं कोणी ते विचार.’

आता फुटबॉलकडे येतो. खरं तर त्यापासून फार लांब गेलोच नव्हतो.

22 जून 1986, रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची डहाणूला प्रांताकडे फॉरेस्ट प्लॉटच्या प्रकरणात तारीख होती, म्हणून ते रात्रीच मुक्कामाला आले होते. मेक्सिकोत दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. पावसाने ओसरी भिजली तशी आईने त्यांना आत बोलावलं, आणि अशा रीतीने अझ्टेका स्टेडियममधल्या एक लाखाहून जास्त प्रेक्षकांत आमच्या मल्याणच्या घरातल्या पाचजणांची भर पडली. अण्णा आरामखुर्चीत, आम्ही पोरं सतरंजीवर, बाबा दाराला टेकून.

अर्ध्या वेळेपर्यंत काही नाही. मग एक्कावन्नावं मिनिट. चेंडू उंच उडाला, इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन पुढे आला, त्याच्या खांद्याएवढा मॅराडोना उडाला आणि चेंडू जाळ्यात. शिल्टन हात दाखवत पंचाकडे धावला. आम्हाला पहिल्या झटक्यात काहीच कळलं नव्हतं. पुन्हा दाखवलं तेव्हा दिसलं: डोक्याशेजारी डावी मूठ.

‘विकला!’ अण्णा खुर्चीतून उठले. ‘साफ विकला गेला!’

अण्णा इंग्रजांच्या बाजूने ओरडताहेत हा प्रसंग आमच्या घराण्यात तो पहिला आणि शेवटचा.

बाबांनी दारातून विचारलं, ‘पंच कोणाचा?’

‘ट्युनिशियाचा.’

‘ते कुठं आलं?’

‘आफ्रिकेत. वरच्या अंगाला.’

‘त्याचं या दोघांत कोणी लागतं?’

‘कोण लागणार?’

‘त्याला नेमला कोणी?’

‘फिफानं.’

‘फिफात इंग्रज नाहीत?’

‘आहेत की. ढिगानं.’

‘मग मास्तर, इंग्रज स्वतःच्या गळ्याला फास लावणारा माणूस नेमतील कशाला? चुकला असेल बिचारा. मधे माणूस आला असेल.’

अण्णांना हे मुळीच रुचलं नाही. ‘तू लाल बावट्याचा आणि इंग्रजांची वकिली करतोस?’ असं काहीतरी ते म्हणाले. बाबा इंग्रजांची वकिली करत नव्हते, पंचाची करत होते. पण अण्णांना तो फरक सांगायची सोय राहिली नाही, कारण चार मिनिटांत मॅराडोनाने अर्ध्या मैदानापासून अर्धा इंग्लंड ओलांडून दुसरा गोल केला आणि सगळेच गप्प झाले. सकाळी बाबा प्रांताकडे गेले. पुढची तारीख घेऊन परत आले.

पुष्कळ वर्षांनी मी त्या सामन्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. पंच अली बिन नासर यांना हात दिसलाच नव्हता. शंका आली म्हणून त्यांनी लाइन्समनकडे पाहिलं. तो बल्गेरियाचा बोगदान दोचेव्ह. त्याने झेंडा वर केला नाही, आणि लाइन्समन चांगल्या जागी असेल तर त्याचं मानावं अशी पंचांना सूचना होती. पुढे जन्मभर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. 2015मध्ये मॅराडोना ट्युनिशियात बिन नासर यांच्या घरी जाऊन भेटला, सही केलेला शर्ट देऊन आला. सामन्याचा चेंडू पंचाकडेच राहिला होता. 2022मध्ये लिलावात त्याला वीस लाख पौंड आले. बाबा तेव्हा हयात नव्हते. असते तर गोलपेक्षा या किमतीवर जास्त वेळ बोलले असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, जन्मभर ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला तो माणूस पक्षपाताचा आरोप फार जपून करत होता, आणि ज्याची फक्त एक बढती हुकली तो उठसूट करत होता. अण्णांचा पक्षपात शिट्टीत होता: त्या क्षणी, त्या पंचाच्या मनात. बाबांना तो तिथे शोधायची सवयच नव्हती. काटा कोणी आणला, निरोप कोणी धाडला, कोण कोणाच्या घरी जेवतो, हे सगळं गवत कापायच्या आधी ठरलेलं असतं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ते आधी पंचाचं गणगोत विचारत आणि मग त्याचे डोळे.

ही फूटपट्टी मी एकदा त्यांच्यासमोरच लावून पाहिली. 1966चा विश्वचषक त्यांना सांगितला. स्पर्धा इंग्लंडमध्ये, फिफाचे अध्यक्ष सर स्टॅन्ले राउस, इंग्रज, स्वतः जुने पंच. 23 जुलैला उपांत्यपूर्व सामने. वेम्बलीला इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, पंच जर्मन: क्राइटलाइन. शेफील्डला पश्चिम जर्मनी विरुद्ध उरुग्वे, पंच इंग्रज: फिनी. क्राइटलाइनने अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रॅटिनला, बाहेर काढलं. शिवी दिली म्हणावी तर पंचाला स्पॅनिश येत नव्हतं. रॅटिन जाईना, खेळ कितीतरी मिनिटं खोळंबला. तिकडे जर्मन खेळाडूचा गोलरेषेवर हात लागला तो फिनीला दिसला नाही, आणि पुढे उरुग्वेचे दोघं बाहेर गेले. इंग्लंड जिंकलं, जर्मनी जिंकलं, आणि अंतिम सामन्यात हेच दोघं समोरासमोर आले.

बाबांनी मला मधेच थांबवलं. ‘जर्मनांच्या खेळाला इंग्रज पंच, आणि इंग्रजांच्या खेळाला जर्मन?’

‘हो.’

‘मग त्यात शोधायचं काय राहिलं?’

संस्कृतात याला ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणतात. पण मी इथे जरा हात आखडता घेतो. क्राइटलाइनने किंवा फिनीने कुणाचं खाल्लं याचा एकही पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि दक्षिण अमेरिकेत अजून ही गोष्ट जितक्या त्वेषाने सांगतात तितका तो त्वेष अण्णांच्या ऑफसाइडसारखा वाटू लागतो. मला त्या स्पर्धेतला दुसराच हिशेब बोचतो. सोळा संघांत आफ्रिका, आशिया आणि ओशियानिया या तिघांना मिळून जागा किती, तर एक. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकेने सरळ बहिष्कार घातला. उत्तर कोरिया आला, आणि त्याने इटलीला घरी पाठवलं. आफ्रिकेचे संघ त्या मैदानावर उतरलेच नाहीत. त्यांच्याविरुद्ध शिट्टी वाजायचा प्रश्नच आला नाही. पुढच्या, 1970च्या स्पर्धेत आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. त्याच स्पर्धेत पिवळी-लाल कार्डं आली, ती वेम्बलीतल्या त्या गोंधळावरून इंग्रज पंच केन अॅस्टन यांना सुचलेली. कार्डांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जागांची कुणी सांगत नाही. 1974मध्ये ब्राझीलच्या हॅवलांजने राउस यांना अध्यक्षपदावरून पाडलं ते आफ्रिका-आशियाच्या मतांवर, हेही त्याच वहीतलं पान.

त्याच 1966च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला, तो रेषेच्या आत की बाहेर हे लाइन्समन तोफिक बहरामोव्हने ठरवलं: आत. जर्मनीत त्याला अजून शिव्या पडतात. अझरबैजानमध्ये, बाकूला, त्याच्या नावाचं स्टेडियम आहे आणि बाहेर पुतळा. बाबांना हे फार आवडलं होतं. ‘कुठेतरी तर कोणी म्हणालं ना, आमचा माणूस बरोबर होता.’

बाबांच्या पाड्यावर पोरं फुटबॉल खेळतात ते पावसात. क्रिकेट हा बाकीच्या वर्षाचा धर्म. आवणी उरकली की पाड्या-पाड्यांची स्पर्धा लागते. बक्षीस बोकड, दुसऱ्याला कोंबडे. गोलपोस्ट बांबूचे, रेषा राखेच्या, आणि पहिल्या सरीत रेषा वाहून गेल्या की मग आठवणीवर. पंच ठरवायला मॅचपेक्षा जास्त वेळ जातो. तो खेळणाऱ्या पाड्यांतला नको हे उघडच. पण त्याची बहीण इकडे दिलेली नको, मेव्हणा खेळत नको, गेल्या साली ज्या पाड्याने त्याला जेवू घातलं तो पाडा या खेपेला समोर नको. असा माणूस तलासरी तालुक्यात सापडणं कठीण, म्हणून कधी उंबरगावकडून, म्हणजे गुजरातमधून, तर कधी खानवेलकडून आणतात. त्याला जेवण दोन्ही पाड्यांनी मिळून घालायचं, एका पानात. फिफाची तटस्थ पंचाची नियमावली याहून जाड असेल. याहून कडक असेल असं वाटत नाही.

त्या मैदानावर बाबांचा नातू हल्ली शिट्टी वाजवतो, पण सूत्रकारकडच्या पाड्यांवर, स्वतःच्या नाही. 11 जून 2024च्या रात्री मी त्याच्याकडेच होतो. दोहात भारत विरुद्ध कतार, विश्वचषकाची पात्रता फेरी. पाचच दिवस आधी कप्तान छेत्रीने कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निरोप घेतला होता. जिंकलो तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत जाणार होता. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, भोवती सात-आठ पोरं. सदतिसाव्या मिनिटाला छांगतेने गोल केला तेव्हा शेजारचे कुत्रे भुंकायला लागले.

त्र्याहत्तराव्या मिनिटाला कतारचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला. तो खाली पडला, चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलरेषेबाहेर गेला, गोलाच्या बाजूने. भारताचे खेळाडू थांबले. कॉर्नर मिळणार हे गृहीतच. कतारच्या एकाने बाहेरचा चेंडू पायाने आत ओढला, युसुफ आयमेनने जाळ्यात ढकलला. कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, तो निर्विवाद. 2-1. आपण घरी, कतारबरोबर कुवेत पुढे. भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल आहे तिथेच राहिला.

डब्याभोवती अण्णांचा पक्ष एकदम बहुमतात आला. ‘पैसे खाल्ले’, ‘शेखनं विकत घेतला’. नातू गप्प होता. मग त्याने आजोबांचेच प्रश्न एकेक करून विचारले, बहुधा नकळत. पंच कोरियाचा. कोरियाला भारत गेला काय, कुवेत गेला काय. नेमला आशियाच्या महासंघाने. मग व्हीएआर, म्हणजे पडद्यावर पाहून पंचाची चूक दुरुस्त करणारी व्यवस्था, कुठे होती? नव्हती. त्या फेरीत ती ठेवलीच नव्हती.

इथे मला बाबांचा काटा आठवला. 1 डिसेंबर 2022, याच कतारमध्ये, जपान विरुद्ध स्पेन. मितोमाने रेषेवरून वळवलेला चेंडू बाहेर गेल्यासारखा सगळ्या जगाला दिसत होता. कॅमेऱ्यांनी मोजलं: चेंडूची कड दोन मिलिमीटरहूनही कमी रेषेवर होती. त्यावरून झालेला जपानचा गोल कायम, आणि त्या निकालाने जर्मनी स्पर्धेबाहेर. त्या विश्वचषकात प्रत्येक स्टेडियमच्या छताखाली नुसत्या ऑफसाइडसाठी बारा कॅमेरे होते आणि चेंडूत सेन्सर. दीड वर्षाने त्याच देशात पूर्णच्या पूर्ण बाहेर गेलेला चेंडू दाखवायला एक पडदा नव्हता. किम वू-सुंग यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायला माझ्याकडे काही कारण नाही. पण बारीक काटा थोरल्यांच्या लग्नात बाहेर काढायचा आणि धाकट्यांना डोळ्याच्या अंदाजाने वाटायचं, हा कारभार कुण्या एका पंचाने ठरवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू मला मैदानावर घेऊन गेला. बरोबर त्याचा चुलतभाऊ, विकला गेला म्हणणाऱ्यांचा पुढारी. पाऊस अजून लागायचा होता. त्यांनी बांबूच्या खांबाशेजारी रेषा आखली, चेंडू रेषेबाहेर वीतभर ठेवला, एका पोराला गुरप्रीत करून पालथं पाडलं, दोघांना त्याच्या आसपास उभं केलं. कोपऱ्याच्या खुणेपाशी उभं राहून मी पाहिलं: चेंडू आणि रेषा यांच्यामधली माती स्वच्छ दिसत होती. सहा पावलं मैदानाच्या मध्याकडे सरकलो तर गुरप्रीतच्या पाठीआड सगळंच गेलं. नातू म्हणाला, लाइन्समन इथेच होता. चुलतभाऊ म्हणाला, तिथेच होता. मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहूनही दोघांचं जमेना, आवाज चढले, आणि तोवर शाळा अजून उघडली नव्हती म्हणून मोकाट सुटलेली वीसेक पोरं येऊन उभी राहिली. त्यांना खेळायचं होतं. गुरप्रीतला उठवून त्यांनी चेंडू नेला.